वृद्धाश्रमात सेवा करायची आहे? मग आजी-आजोबांना काम द्या



पितृपक्ष जवळ आला किंवा दिवाळी तोंडावर आली, की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. बीपीची गोळी लिहून होते, फाइल बंद होते आणि पेशंट उठता उठता विचारतात, "डॉक्टर, तुम्ही त्या वृद्धाश्रमात तपासायला जाता ना? बाबांच्या नावाने तिथे काहीतरी करायचे आहे. काय देऊ? फळे, ब्लँकेट, की एका दिवसाचे जेवण?"

विचारणाऱ्याच्या मनात श्रद्धा असते, त्यामुळे नाही म्हणवत नाही. जेथे खरोखर गरज आहे तेथे जेवण आणि ब्लँकेट द्यायलाच हवे. पण महिन्यातून दोनदा वृद्धाश्रमात जाऊन नाड्या बघताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. आपल्याकडच्या बऱ्याच वृद्धाश्रमांत आजी-आजोबांना जी गोष्ट सर्वांत कमी मिळते ती म्हणजे जबाबदारी. दिवसभरात एकही काम असे नसते, जे त्यांनी केले नाही तर कोणाचे तरी अडेल. चहा हातात येतो, ताट समोर येते, औषधे मावशी देतात, टीव्ही कोणीतरी लावते. चाळीस वर्षे घर, शेत, दुकान किंवा कचेरी चालवलेल्या माणसाला आपण एका दिवसात पाहुणा करून टाकतो, आणि तोही कायमचा.

हे केवळ भावनिक दुःख नाही. त्याचा परिणाम स्नायूंवर, झोपेवर, भुकेवर आणि मेंदूवर होतो. म्हणून डॉक्टर म्हणून मी याबद्दल लिहीत आहे.

आरामाची किंमत शरीर मोजते

"आता त्यांनी फक्त आराम करावा," हे वाक्य प्रेमाचे असले तरी वैद्यकीयदृष्ट्या धोक्याचे आहे. साठीनंतर स्नायू आपोआपच कमी होत असतात. त्यात बसून राहण्याची भर पडली की ही घट वेगाने होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्याच दिवसांत त्यांच्या पायांतील स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचे वजन सुमारे एक किलोने घटले. ही माणसे आजारी नव्हती, हे लक्षात घ्या.

पायांतले बळ गेले की खुर्चीतून उठणे अवघड होते. उठणे अवघड झाले की माणूस संडास-बाथरूमला जाणे टाळायला पाणी कमी पितो. पाणी कमी झाले की बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग आणि उठताना चक्कर येते. चक्कर आली की पडणे आणि पडले की खुब्याचे हाड मोडणे. मी अनेक पेशंटमध्ये ही साखळी पाहिली आहे. तिची पहिली कडी बहुतेक वेळा हीच असते, की उठण्यासाठी काही कारणच उरलेले नसते.

दिवसा काम नसले की डुलक्या लागतात आणि मग रात्री झोप येत नाही. आजोबा झोपेची गोळी मागतात. गोळीमुळे सकाळी तोल जातो. अशा वेळी मला गोळी बदलण्यापेक्षा त्यांचा दिवस बदलायला हवा असतो, पण तो माझ्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही.

मनाचे काय होते? दोन जुने प्रयोग

१९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका नर्सिंग होममध्ये साधा प्रयोग केला. एका मजल्यावरच्या ज्येष्ठांना सांगितले, की तुमच्या खोलीची मांडणी आणि तुमचा वेळ ही तुमची जबाबदारी आहे. त्यांना एकेक रोप दिले आणि त्याची काळजी तुम्हीच घ्यायची, असे सांगितले. सिनेमा कोणत्या दिवशी पाहायचा तेही त्यांनीच ठरवायचे होते. दुसऱ्या मजल्यावरच्या ज्येष्ठांनाही रोप मिळाले, सिनेमाही मिळाला. पण रोपाला पाणी परिचारिका घालणार होत्या आणि सिनेमाचा दिवस संस्था ठरवणार होती.

तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक उत्साही आणि हिंडती-फिरती दिसली. दीड वर्षाने पुन्हा पाहिले, तर पहिल्या गटात ४७ पैकी ७ जण आणि दुसऱ्या गटात ४४ पैकी १३ जण दगावले होते. मृत्यूंच्या या आकड्यांवर फार मोठी इमारत उभारू नये. गट लहान होते आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक काठावरचाच ठरला. पण दिशा लक्षात घ्या. दोन्ही मजल्यांवर रोप होते. फरक होता तो त्याला पाणी कोण घालणार, एवढाच.

दुसरा प्रयोग त्याच वर्षीचा, रिचर्ड शुल्झ यांचा. सेवेची आवड असलेल्या प्रत्येकाने तो वाचावा असे मला वाटते. एका निवासात कॉलेजचे विद्यार्थी ज्येष्ठांना भेटायला जात. काहींच्या बाबतीत विद्यार्थ्याने कधी यायचे आणि किती वेळ बसायचे हे ज्येष्ठ ठरवत. काहींना भेटीची वेळ आधी कळवली जाई. काहींकडे विद्यार्थी न सांगता टपकत. चौथ्या गटाकडे कोणीच जात नसे. पहिल्या दोन गटांची तब्येत आणि उमेद सुधारली. न सांगता येणाऱ्या पाहुण्यांचा मात्र फारसा उपयोग झाला नाही. तो गट आणि कोणीच भेटायला न येणारा गट जवळजवळ सारखेच राहिले.

खरी गोष्ट पुढे आहे. अभ्यास संपला, विद्यार्थी येईनासे झाले. नंतर पुन्हा तपासले तेव्हा ज्या दोन गटांना सर्वाधिक फायदा झाला होता, त्यांचीच तब्येत खालावलेली आढळली. त्यांना काहीतरी मिळाले होते आणि ते काढून घेतले गेले होते.

यातून मी दोन गोष्टी घेतो. एक, अचानक जाऊन केलेली सेवा ही बहुतेक आपल्याच समाधानासाठी असते. दोन, बाहेरून येणाऱ्या माणसावर उभा राहिलेला आनंद तो माणूस गेला की कोसळतो. म्हणून वृद्धाश्रमातले नेतृत्व आतल्याच माणसांचे हवे. बाहेरच्या स्वयंसेवकाने त्याला हात द्यावा.

एका एसटी कंडक्टरची गोष्ट

मी जातो त्या वृद्धाश्रमात एक निवृत्त एसटी कंडक्टर आजोबा आले. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलतो. पत्नी गेलेली, मुलगी परदेशी. तीन महिन्यांत वजन उतरले. थायरॉइड, साखर, एक्स-रे, सगळे ठीक. नैराश्य होते, त्याची गोळी सुरू केली. त्याच सुमारास तिथल्या व्यवस्थापक ताईंनी त्यांना एक वही दिली आणि म्हणाल्या, "काका, सकाळी आठच्या नाश्त्याला कोण आले, कोण नाही, एवढे लिहून ठेवाल का? मला वेळ मिळत नाही."

काकांनी वहीचे वेबिल करून टाकले. खोली क्रमांक, नाव, वेळ, शेरा. जो आला नाही त्याच्या खोलीवर जाऊन चौकशी. त्यांच्या चालण्याला पुन्हा कारण मिळाले, जेवणही वाढले. गोळीचा भाग किती आणि वहीचा किती, हे मी सांगू शकत नाही. दोन्ही लागले असावेत.

काही महिन्यांनी एका सकाळी त्यांना दिसले, की एक आजी कपबशी डाव्या हाताने उचलत आहेत आणि बोलणे जड झाले आहे. त्यांनी लगेच ताईंना हाक मारली. अर्धांगवायूच्या झटक्यात आम्ही डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, "पेशंट शेवटचा पूर्णपणे ठीक कधी दिसला होता?" कारण मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. उशीर झाला किंवा वेळ माहीत नसली, की हा उपाय बहुधा हातून जातो. काकांच्या वहीत लिहिले होते : "७.५०, खोली ६, नमस्कार केला, ठीक." आजींना वेळेत मोठ्या रुग्णालयात नेता आले. आज त्या काठी घेऊन चालतात.

कितीही चांगला स्वयंसेवक महिन्यातून एकदा येऊन हे करू शकला नसता. शेजारच्या खोलीत राहणाऱ्या माणसालाच हे जमते.

नेतृत्व म्हणजे काय करायचे?

नेतृत्व म्हटले की खुर्ची आणि भाषण डोळ्यांसमोर येते. इथे मला अगदी साधी कामे अभिप्रेत आहेत.

पहिले म्हणजे निवासींची समिती. तीन ते पाच जण, निम्म्या आज्या, मुदत सहा महिने. महिन्यातून एकदा व्यवस्थापनासोबत बैठक. विषय ठरलेले : जेवण, पाणी, बाथरूममधले दिवे आणि पकडायच्या दांड्या, आवाज, तक्रारी. मागच्या बैठकीत जे ठरले ते झाले का, हे पहिल्यांदा वाचायचे. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने नर्सिंग होममधल्या निवासींना असे गट करण्याचा हक्क दिलेला आहे. आपल्याकडे कायद्याची वाट पाहायची गरज नाही. महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. अध्यक्ष, सचिव, सभा, इतिवृत्त हे सगळे आपल्या ज्येष्ठांना उत्तम येते. वृद्धाश्रमाचे फाटक ओलांडले की ते विसरतात, असे थोडेच आहे?

दुसरे, नव्याने आलेल्या माणसाचा सोबती. वृद्धाश्रमातला पहिला महिना सर्वांत कठीण असतो. झोप उडते, भूक जाते, काहींना जागा बदलल्याने भ्रम होतो. त्या महिन्यात जुन्या निवासीपैकी एकाने सोबत करायची. जेवायला बरोबर बसायचे, बाथरूम दाखवायचे, कोणत्या मावशींना काय सांगायचे ते समजवायचे.

तिसरे, प्रत्येकाच्या जुन्या कसबाचा उपयोग. बँकेतून निवृत्त झालेल्या आजी नोव्हेंबरमध्ये सगळ्यांच्या हयातीच्या दाखल्याचे काम पाहू शकतात. २०१४ पासून हा दाखला 'जीवन प्रमाण'द्वारे डिजिटल पद्धतीने देता येतो. तरी अंगठ्याचे ठसे न उमटणे, मोबाइल क्रमांक बदललेला असणे अशा अडचणी येतातच. शिक्षक आजोबा रोज सकाळी मोठ्याने वर्तमानपत्र वाचू शकतात. मोतीबिंदू किंवा काचबिंदूने नजर गेलेल्यांसाठी तो अर्धा तास फार मोलाचा असतो. हरिपाठ सांगणारे, परसबाग बघणारे, पाणी प्यायची आठवण करणारे, सगळे हवेत.

"पण आमच्याकडे बरेच जण खाटेवर आहेत, काहींना स्मृतिभ्रंश आहे," असे तुम्ही म्हणाल. त्यांनाही काम असते. व्हीलचेअरवरच्या आजी मटार सोलतात, मेथी निवडतात. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना आज वार कोणता हे सांगता येत नाही, पण वाती वळायला बोटे चुकत नाहीत. हातांची जुनी सवय पुष्कळदा उशिरापर्यंत शाबूत राहते. खाटेवरचे आजोबा नुसते विचारले तरी सांगतील, की रात्री भजन लावायचे की नाट्यगीत. निवड करणे हेही कामच आहे. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि बदलता येण्याजोग्या १४ घटकांची यादी 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ मध्ये दिली. तिच्यात एकाकीपणाने तुटून राहणे आहे, आणि उपचार न केलेली श्रवणशक्ती व दृष्टीतील घटही आहे. म्हणून समितीच्या पहिल्या बैठकीआधी सर्वांचे कान आणि डोळे तपासून घ्या. ऐकू न येणारा माणूस सभेत गप्प बसतो आणि आपण त्याला अबोल समजतो.

यावरचे आक्षेप, आणि ते बरोबरही आहेत

"काम करताना पडले तर?" पडू शकतात. म्हणून काम देण्याआधी डॉक्टरांना विचारा. जिना चढणे, ओल्या फरशीवर वावर, जड बादली, गॅसजवळचे काम नको. पण बसून राहिल्याने पडण्याचा धोका संपत नाही, उलट वाढतो. तो फक्त वहीत दिसत नाही, एवढेच.

"आम्ही महिन्याला एवढे पैसे भरतो आणि तुम्ही आमच्या आईला भाजी निवडायला लावता?" हा मुलांचा प्रश्न मी ऐकलेला आहे. त्यामागची शंका रास्त आहे. कर्मचारी कमी ठेवून निवासींकडून फुकट काम करून घेणे हे शोषण आहे आणि त्याला मी सेवा म्हणणार नाही. फरक ओळखायची खूण सोपी आहे. त्या दिवशी आजी "आज नको" म्हणाल्या, तर स्वयंपाक थांबतो का? थांबत असेल तर संस्थेला माणसे कमी आहेत. आणि आजींना "नको" म्हणायची भीती वाटत असेल, तर विषय त्याहून गंभीर आहे.

"एकच माणूस सगळ्यांवर दादागिरी करतो." हेही होते. माजी अधिकारी, जास्त शिकलेले किंवा जास्त पैसे भरणारे समितीचा ताबा घेतात. म्हणूनच सहा महिन्यांची मुदत, आज्यांना निम्मी जागा आणि नाव न लिहिता तक्रार टाकायची पेटी हवी. पेटीची किल्ली व्यवस्थापकाकडे नको.

कोणाला काहीच करायचे नसेल तर तोही त्यांचा हक्क आहे. कोपऱ्यात शांत बसायला आवडणाऱ्या माणसाला जबरदस्तीने टाळ्या वाजवायला लावू नका. मात्र कालपर्यंत मिसळणारे आजोबा आज अचानक गप्प झाले, तर तो स्वभाव समजू नका. दोन आठवडे तसेच राहिले तर डॉक्टरांना दाखवा. एक-दोन दिवसांत एकदम बदल झाला, बरळणे सुरू झाले, तर त्याच दिवशी दाखवा. त्यामागे जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणे किंवा औषधाचा परिणाम असू शकतो.

तुम्ही बाहेरून जाणार असाल तर

वार आणि वेळ ठरवा, ती निवासींना विचारून ठरवा आणि पाळा. महिन्यातून एकदाच जमत असेल तर एकदाच जा, पण चुकवू नका. थांबणार असाल तर आधी सांगा, निरोप घ्या आणि तुमची जागा घेणाऱ्याची ओळख करून द्या.

खाऊ परस्पर देऊ नका. मधुमेह तर तुम्हाला ठाऊक आहेच. पण किडनीच्या आजारात केळे आणि शहाळ्याचे पाणीही त्रासदायक ठरू शकते, कारण त्यांत पोटॅशियम जास्त असते. अर्धांगवायू झालेल्यांना गिळायला त्रास असतो. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा आवाज घोगरा होत असेल, तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. प्रेमाने भरवलेला पेढाही जिवावर बेतू शकतो. काय द्यायचे ते सिस्टर किंवा मावशींना विचारा.

सर्दी, खोकला, ताप असेल तर त्या दिवशी जाऊ नका. गेल्यावर आधी हात धुवा. कोणालाही एकट्याने उचलू नका. तुमच्या पिशवीतली दुखण्याची गोळी देऊ नका. बोलताना समोर बसा, चेहरा दिसू द्या, ओरडण्यापेक्षा सावकाश बोला. आणि फोटो काढण्याआधी विचारा. आपण वृद्धाश्रमात आहोत हे अनेकांनी नातेवाइकांनाही सांगितलेले नसते.

सुरुवात करताना दर महिन्याला दोन साध्या नोंदी ठेवा : वजन, आणि हातांचा आधार न घेता ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येते. दुसरी चाचणी करताना शेजारी एक जण उभा हवा. तीन महिन्यांनी हे आकडे समितीनेच बैठकीत वाचावेत. आपले पाय बळकट होत आहेत हे त्यांना माझ्याकडून कळण्यापेक्षा स्वतःच्या वहीतून कळलेले चांगले.

कुठे हेळसांड किंवा छळ होत असल्याची शंका आली तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तो क्रमांक निवासींना सहज दिसेल अशा जागी मोठ्या अक्षरांत लावून घ्या. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात निराधार ज्येष्ठांसाठी जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. म्हणजे पुढे असे निवास वाढणार आहेत आणि आपल्यापैकी काही जण कधीतरी तिथे राहायला जाणार आहेत.

म्हणून शेवटी एक सुचवतो. आई-वडिलांसाठी किंवा स्वतःसाठी वृद्धाश्रम बघायला गेलात, तर खोली, जेवण, डॉक्टर आणि दर हे विचाराच. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा : "इथे राहणाऱ्यांच्या सांगण्यावरून तुम्ही शेवटचा कोणता बदल केला?" समोरचा माणूस लगेच उदाहरण देऊ शकला, तर ती जागा पुन्हा एकदा बघायला जा. आणि त्या वेळी कार्यालयात न बसता थेट आजी-आजोबांच्यात जाऊन बसा.